सगळ्यांचा राजीनामा

मी सातारची. लग्न होऊन झाँसीला आले तेव्हा मला वाटलं होतं, हिंदी म्हणजे काय, आपलीच मराठी जरा तोंड वाकडं करून बोलायची. या समजुतीपायी माझी जी फजिती झाली ती सासरच्या मंडळींनी अजून लोणच्यासारखी मुरवून ठेवली आहे. पहिल्याच वर्षी शेजारच्या मास्तरांनी माझ्या धाकट्या दिराबद्दल विचारलं, "इनकी शिक्षा कहाँ हुई?" आणि मी पदर खोचून उभी राहिले, की आमच्या मुलानं असं केलंय काय म्हणून त्याला शिक्षा? बिचाऱ्यांना शिक्षण विचारायचं होतं. असे कितीतरी शब्द मी पुढच्या दहा-बारा वर्षांत ठेचा खाऊन शिकले. आता आपल्याला कुठला शब्द फसवत नाही अशी खात्री झाली, आणि नेमकी एकोणऐंशी साली सगळ्यात मोठी फजिती झाली. तिला फजिती म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर तशी फजिती माझी दर वर्षी होवो.

माझे यजमान विद्याधर तेव्हा नलकूप मंडळात बडे बाबू होते, म्हणजे आपल्याकडचे हेडक्लार्क. जिल्ह्यातल्या सरकारी विहिरींवरचे पंप चालवायचे आणि त्या पाण्याची पट्टी गोळा करायची हे मंडळाचं काम. कचेरी छावणीच्या कडेला एका जुन्या बंगल्यात होती. ह्यांची नोकरी पक्की, खुर्ची पक्की, आणि घराणंही तसंच. पेशव्यांच्या वेळी कोणीतरी पूर्वज इकडे कारकुनीला आले ते इथलेच झाले. तेव्हापासून आमच्या घरातला कर्ता पुरुष दहाच्या ठोक्याला कचेरीत गेला नाही असा कामाचा दिवस उगवला नव्हता, असं सासूबाई सांगत. त्या सांगत तेव्हा ह्यांची मान आपोआप ताठ होई.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. गरौठ्यापासून टहरौलीपर्यंत पंपांना चिखल लागला. पाणीच नाही तर पाणीपट्टी कोण देणार? मंडळाची तिजोरी रिकामी झाली, आणि लखनौकडे मागणी केली तर लखनौनं हात वर केले. तुमचा खर्च तुम्ही भागवा, नाहीतर माणसं कमी करा.

माणसं कमी करायला नवे सचिव आले. नाव खरे. नाव ऐकून आमच्या घरात दिवाळी. आपले निघाले, आता काय काळजी! मी तर त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं. खरे निघाले इकडच्याच बांदा जिल्ह्यातले कायस्थ. इकडे त्यांच्यातही खरे असतात. बाई आल्या, कुंकू लावून घेतलं, आणि आमच्याकडे आज कुठला सण आहे ते अगदी अदबीनं विचारून गेल्या.

तर खरेसाहेबांनी छँटनी काढली. पंपांवर शेवटी शेवटी लागलेली नऊ माणसं होती, ती घरी पाठवायची. बाबू लोकांना धक्का नाही. त्या नऊ जणांतला एक परमलाल आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. त्याची बायको रामकली आमच्याच नळावर पाणी भरायची. तोंडानं फटकळ, पण मनानं फार चांगली. माझं तिच्याशी जमायचं, कारण माझं तोंडही काही कमी नाही.

हे कचेरीतल्या गोष्टी घरी आणत नसत. चपला जशा उंबऱ्याबाहेर तशी कचेरीही. पण तो आठवडाभर ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी हे पानावर बसल्या बसल्या मी धरलंच.

"अहो, झालंय काय?"

"उद्या दुपारपर्यंत साहेबांना सगळ्यांचा राजीनामा पाहिजे," हे म्हणाले.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. एकाचा जरी राहिला तरी लखनौ मानणार नाही म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी अजून दिला नाही. आपल्या हिशेबनीस गोपाळरावांनीही नाही. ते माझ्याकडे बघून थांबलेत."

"द्यायचा नाही!" मी म्हटलं. "काही झालं तरी द्यायचा नाही. मी सांगते."

ह्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा जीव आला. "मी तेच सांगितलंय साहेबांना," हे म्हणाले, "की आमच्या घरी हे मान्य होणार नाही." आणि पुन्हा आमटी वाढून घेतली.

मला केवढं बरं वाटलं! बाहेर माझ्या शब्दाचा मान ठेवणारा नवरा किती जणींना मिळतो?

आता मला जे दुसऱ्या दिवशी कळलं ते तुम्हाला इथेच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे राहाल. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. हिंदीत त्याला इस्तीफा म्हणतात. आणि हिंदीत राजीनामा म्हणजे सगळ्यांनी राजी होऊन केलेली कबुली, समझोता. पंपावरच्या नऊ जणांना घालवण्याऐवजी सगळ्या कर्मचाऱ्यांनी आळीपाळीनं महिन्यातला एक आठवडा बिनपगारी रजा घ्यावी, म्हणजे तेवढाच खर्च वाचेल आणि कोणाचीच नोकरी जाणार नाही, अशी तोड गोपाळरावांच्याच हाताखालच्या एका कारकुनानं काढली होती. खरेसाहेबांनी ती उचलून धरली. मात्र लखनौची अट अशी की सगळ्यांची संमती हवी, एकही नकार नको. तो राजीनामा. ह्यांचा जन्म झाँसीतला, ह्यांच्या मराठीत हिंदी शब्द कधी शिरतो ते ह्यांना कळतही नसे. आणि मला तो शब्द माझ्या माहेरचा वाटला. माहेरच्या माणसाचा संशय कोण घेतो?

शनिवारी हे कचेरीत गेले आणि मी नळावर आले. रामकली हंडा लावून रडत होती.

"आज फैसला है बाई," ती म्हणाली. "राजीनामा हो जाय तौ हम बच जैहैं. नईं तौ हमाए आदमी की नौकरी गई."

मी चक्रावले. राजीनामा दिल्यावर नोकरी वाचेल? या भोळ्या लोकांना साहेबानं काय काय पढवून ठेवलंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सुनी है कोऊ बड़े बाबू अड़े हैं," ती डोळे पुसत म्हणाली, "दसखत नईं कर रए." ते बडे बाबू म्हणजे माझाच नवरा, हे ती माझ्या तोंडावर म्हणत नव्हती इतकंच.

मी मात्र फुलून गेले. सगळी कचेरी मान तुकवतेय आणि माझा नवरा एकटा अडून उभा आहे! मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रामकली, तू रो मत. मैं अभी जाती हूँ कचेरी में. एक भी राजीनामा नहीं होने दूँगी!"

रामकलीनं भोकाड पसरलं. मी जितका धीर देत होते तितकी ती जास्त रडत होती. शेवटी "हमनें का बिगारो तुमाओ?" असं म्हणत तिनं माझे पायच धरले. बिचारी भीतीनं काहीच्या बाही बोलतेय असं समजून मी पाय सोडवले, चांगलं लुगडं नेसले आणि रिक्षा बोलावली. रामकली हंडा तिथेच टाकून माझ्या शेजारी चढून बसली आणि वाटभर विनवत राहिली. छावणीच्या त्या शांत सडकेवर आमचा आवाज एवढा झाला असेल की एक शिपाई बराकीबाहेर येऊन बघत उभा राहिला.

बंगल्याच्या व्हरांड्यात ते नऊ जण भिंतीला टेकून उभे होते. परमलाल त्यांत होता. एवढा उंच माणूस, पण त्या दिवशी कसा आकसला होता. आत मोठ्या खोलीत सगळे बाबू लोक खुर्च्यांवर, समोर खरेसाहेब आणि टेबलावर तो कागद. हे खाली मान घालून बसलेले. साहेब समजावत होते आणि हे नुसतं म्हणत होते, "क्या करूँ साहब, घर में नहीं मानेंगी."

मी दारातून सरळ आत गेले. चपराशी हात आडवा करायच्या आत मी टेबलापाशी पोचले होते.

"साहेब," मी म्हटलं, आणि तिथून पुढे माझी हिंदी आणि मराठी एका घोड्यावर बसून सुटली. "मैं इनकी घरवाली. बड़े बाबू की. मेरा सुन लो. पगार काटो! आधी करो, मुझे चलेगा! हम लोग एक वक्त जेवेंगे. पण एक भी आदमी घर नहीं बैठना चाहिए. ये बाहर उभे हैं, इनके लेकरांनी काय खायचं? आज ये नौ, कल कोण? सबकी नोकरी रहनी चाहिए, सबकी! और राजीनामा कोई नहीं देगा. राजीनामा नाही म्हणजे नाही!"

बोलता बोलता माझा आवाज फाटला. मला खरंच रडू येत होतं. व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या त्या माणसांचे चेहरे मी येताना पाहिले होते, आणि त्या चेहऱ्यांसमोर कुठल्याही सरकारी साहेबाची भीती मला वाटेना.

खरेसाहेब एकदा माझ्याकडे बघत, एकदा कागदाकडे.

"बहनजी," ते सावकाश म्हणाले, "आप कह रही हैं, तनख़्वाह भले कट जाए, नौकरी किसी की न जाए?"

"हो!"

"और राजीनामा न हो?"

"मुळीच नको!"

"लेकिन बहनजी, यही तो राजीनामा है."

पहिले हसले ते गोपाळराव. मंडळाचे हिशेबनीस, आमच्याच मराठी गल्लीतले, दोन्ही भाषा कोळून प्यायलेले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "वहिनी," ते म्हणाले, "अहो, तुमच्या साताऱ्याचा राजीनामा वेगळा. इथला राजीनामा म्हणजे कबुली. तुम्ही नोकरी सोडायचं म्हणताय, तो इस्तीफा. तो कोणी मागितलाच नाही." आणि मग त्यांनी ती बिनपगारी आठवड्याची सगळी गोष्ट मला चार वाक्यांत सांगितली.

माझे कान तापले. ते ऐकताना मला रामकली समजली, तिचं ते रडणं समजलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट समजली. मी ह्यांच्याकडे वळले. घरी मान्य होणार नाही! मला विचारायच्या आधीच हे साहेबांना सांगून आले होते. काल रात्री माझ्या तोंडून नकार निघाल्यावर ह्यांनी पुन्हा आमटी का घेतली तेही समजलं.

आता खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब हसू दाबून म्हणाले, "तो बहनजी, अब क्या कहती हैं?"

खरं सांगते, अर्धा पगार म्हणणं सोपं असतं, कारण तो कोणी कापत नसतो. हा आठवडा खरा होता. महिन्यातला एक आठवडा, आणि तोही किती महिने हे लखनौलाही ठाऊक नव्हतं. धाकट्या दिराची फी होती, सासूबाईंच्या डोळ्याचं औषध होतं, आणि वाणी काही राजीनाम्यावर सही करणार नव्हता. मला अजूनही मागे फिरता आलं असतं. मी म्हणू शकत होते, बाई माणूस, भाषा येत नाही, चुकून बोलले. कोणी काही म्हटलं नसतं. पण दारात रामकली उभी होती, आणि तिला मघाशी मी काय बोलले ते आत्ता कुठे कळत होतं. तिनं तोंडात पदर कोंबला होता.

"शब्द चुकला असेल," मी म्हटलं. "बोलणं चुकलेलं नाही. सांगा, ह्यांनी सही कुठे करायची?"

हे उठले. खिशातून पेन काढलं, टोपण काढायला जरा जास्तच वेळ घेतला, आणि सही केली. ह्यांच्यामागे गोपाळराव. मग जे आणखी दोघे-तिघे ह्या दोघांच्या आड लपून होते त्यांना लपायला जागाच उरली नाही. एकेक करून सगळे आले.

"झालं?" मी विचारलं. "आणि साहेब, तुमची सही?"

"मेरी?" खरेसाहेब चमकले. "मेरी तनख़्वाह तो लखनऊ से आती है. मेरा नाम इसमें है ही नहीं."

"तो घालो!" मी म्हटलं. आता एवढं बोललेच होते, तर हे कशाला राखून ठेवायचं?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग व्हरांड्याकडे. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी कागद ओढला, सगळ्यात खाली स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं आणि सही केली. मग उठून स्वतः दारापर्यंत गेले आणि बाहेर म्हणाले, "जाओ भाई, अपने-अपने पंप पर जाओ. किसी की छँटनी नहीं होगी."

तो जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. ते ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. नऊ माणसांनी एकदम श्वास सोडला, आणि मग परमलालनं पगडी काढून तोंड पुसलं आणि तो भिंतीपासून सुटून पूर्ण उंचीत उभा राहिला. रामकलीनं मला अशी मिठी मारली की माझं मंगळसूत्र तिच्या गळ्यातल्या चांदीच्या हसळीत अडकलं. ते सोडवायला साहेबांचा चपराशी लागला. मी रडत होते आणि हसत होते आणि माझी मुळीच फजिती झालेली नव्हती.

घरी आम्ही पायीच निघालो. हे पुढे, मी मागे. सदरबाजार आला तेव्हा हे मागे वळले.

"सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस," हे म्हणाले.

"तुम्ही माझं नाव पुढे केलंत," मी म्हटलं. "मग मीही पुढे झाले."

बरंच अंतर गेल्यावर हे थांबले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पैशाचं नव्हतं गं."

"मग?"

"आठवडाभर मी दहा वाजता घरी दिसणार. लोक काय म्हणतील? इकडे कसं बोलतात ठाऊक आहे ना तुला? विद्याधर बाबू की छुट्टी हो गई."

मला ठाऊक होतं. हा शब्द मी पूर्वीच ठेच लागून शिकले होते. हिंदीत सुटीवर असला तरी छुट्टी, आणि हाकलून दिला तरी छुट्टीच. एवढा घोडा माणूस, पण एका शब्दाला भिऊन आठवडाभर धड जेवला नव्हता, आणि त्या शब्दापायी नऊ घरं बुडवायला निघाला होता. मला राग आला, आणि त्या रागातच त्यांची दयाही आली. घरी जाऊन शिरा केला.

पाळी लागली ती पहिली ह्यांचीच, कारण कागदावरच्या यादीत बडे बाबू म्हणून ह्यांचं नाव सगळ्यांत वर होतं. सोमवारी दहा वाजले. ह्यांनी कोट चढवला होता, सवयीनं. मग काढून ठेवला. मग खिडकी लावून घेतली आणि आत पेपर घेऊन बसले, जणू घरात कोणी नाहीच. सासूबाई पोथी उघडी टाकून बघत राहिल्या.

मी पिशवी आणून समोर ठेवली. "भाजी आणायचीय. चला."

"संध्याकाळी जाऊ."

"संध्याकाळी भाजी शिळी होते. चला म्हणते ना. आणि कोट घाला."

हे कोट घालून निघाले खरे, पण चालणं असं की जणू उधारी बुडवून पळताहेत. अकराचं ऊन, बाजार भरलेला, आणि ओळखीचा नाही असा एक दुकानदार नाही. मी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालले. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं.

"क्यों बड़े बाबू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आज इस बखत? छुट्टी हो गई का?"

बाकीची गिऱ्हाइकं वळली. मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण ह्यांनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. मान ताठ झाली, अगदी सासूबाई घराण्याच्या गोष्टी सांगताना व्हायची तशी, आणि भर बाजारात, खणखणीत आवाजात हे म्हणाले:

"हाँ भैया, आज मेरी छुट्टी है. इसलिए कि किसी की छुट्टी न हो."